पी पफर गोळ्या थुंकतो आणि गप्पींच्या शेपट्या खातो

अबोली_ठाणे

नमस्कार मंडळी. इथल्या मत्स्यालयाच्या धाग्यांची मी आजवर नुसती वाचक होते, आज गळ्याशी आलं म्हणून लिहायला बसले.

घरी दोन फुटी टँक आहे, दोन बाय एक बाय एक. खाली बारीक वाळू, स्पंज फिल्टर, मागे व्हॅलिसनेरियाची रांग, डाव्या कोपऱ्यात हायग्रोफिलाचं माजलेलं रान आणि लाकडाला बांधलेलं जावा फर्न. वर्षभर सगळं सुरळीत चाललं होतं. गप्पींना पिल्लं होत होती, थोड्या लाल चेरी श्रिम्प होत्या. मागच्या रविवारी नवऱ्याने हौसेने चार पी पफर आणले, ते वाटाण्यासारखे गोलमटोल बारके मासे. दुकानदार म्हणाला, सगळ्यांबरोबर राहतात, गोळ्या खातात, फक्त खाडीतला मासा आहे म्हणून पाण्यात मूठभर मीठ टाका. तसं टाकलं.

आता परिस्थिती अशी आहे. गोळी टाकली की एखादा जवळ येतो, दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवत तिच्याकडे बघतो, तोंडात घेतो आणि थुंकतो. त्यानंतर तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. गप्पींच्या शेपट्यांच्या मात्र चिंध्या झाल्यात. झाडांबरोबर आलेल्या बारक्या गोगलगायी वर्षभर जाता जात नव्हत्या, त्या चार दिवसांत नाहीशा झाल्या (याचा मला आनंदच झाला). चारपैकी एक जण दादा आहे, बाकीच्यांना पिटाळत असतो. आणि एक बारका फिल्टरच्या मागेच बसून असतो. त्याचं पोट आत गेलंय, समोरून बघितलं तर डोकं मोठं आणि अंग चिमटलेलं दिसतं.

नेटवर वाचलं की फ्रोझन ब्लडवर्म द्या. आमच्याकडे सासूबाई माळकरी आहेत, घरात अंडंही येत नाही. फ्रीजमध्ये किडे ठेवायला त्यांनी साफ नकार दिलाय, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटतं.

तर, यांना खायला काय घालू? मीठ ठेवू की काढू? आणि तो बारका वाचेल का?

स्लाईडवाला

अबोलीताई, आज रात्रीच करायचं ते आधी सांगतो, बाकीचं सावकाश वाचा.

गप्पी बाहेर काढा. पफर नव्हे, गप्पी. तुम्ही वर्णन केलंय तसा झाडांनी भरलेला, जुना, मुरलेला टँक ही पफरची गरज आहे. गप्पी काय, गॅलरीतल्या टबातही सुखाने संसार करतील. महानगरपालिका त्यांना डासांसाठी विहिरीत आणि हौदात सोडते ते उगाच नाही. त्यांची ती झुलती शेपूट पफरला चारा वाटते, आणि ही सवय तुमच्याने सुटणार नाही. श्रिम्पचं म्हणाल तर मोठ्या कदाचित हायग्रोफिलात तग धरतील, पिल्लं एकही उरणार नाहीत. जीव असेल त्यांच्यावर तर त्याही काढा.

मीठ: नको. हा मासा जन्मभर गोड्या पाण्यातला आहे. घोळ कुठे होतो सांगतो. हिरव्या अंगावर काळे ठिपके असलेला मोठा पफर बाजारात मिळतो, त्याला वाढल्यावर मचूळ पाणी लागतं. दुकानांत दोघांनाही 'पफर' म्हणतात आणि दोघांच्याही पाण्यात मीठ पडतं. आता टाकलंय ते एकदम काढायला जाऊ नका, दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलता तेवढ्यानेच ते उतरत जाईल. नळाचं पाणी अँटीक्लोरीन घालून, टँकच्या तापमानाला आणून.

तुमच्या मापाच्या टँकमध्ये काठोकाठ ५६ लिटर मावतात, वाळू-लाकूड वजा जाता पन्नासच्या आत. चार पफर त्यात राहू शकतात, पण त्याहून एकही जास्त नको, आणि दुसऱ्या जातीचं काहीही नको.

आता खाणं. मी डोंबिवलीला असतो, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी, त्यामुळे घाण वाटेल अशा गोष्टींकडे भिंगातून बघायची सवय आहे. कुठे जास्त तपशिलात गेलो तर सांभाळून घ्या. हा मासा शिकारी आहे. याच्या तोंडात दातांच्या चार पट्ट्या असतात, दोन वर, दोन खाली, आणि त्या आयुष्यभर वाढत राहतात. अन्न हललं तर ते अन्न. गोळी पडते आणि पडून राहते, म्हणून तो ती चाखून सोडतो. काही जणांचे पफर गोळ्या खातात, मान्य. पण चार पफर आणून त्यांना गोळ्यांची दीक्षा देण्याच्या खटपटीत एखादा मरतो आणि मग लोक म्हणतात हा मासा नाजूक आहे. नाजूक नाही, उपाशी आहे.

तुमच्या गोगलगायी गेल्या म्हणून तुम्हाला आनंद झाला, तिथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. गेले चार दिवस ते त्यांच्यावरच जगलेत. आता साठा संपला.

तेव्हा गोगलगायी वाढवा. माळकरी घरातही चालेल असा हा उद्योग आहे. माशाच्या पोटात जातात ते जातातच, पण तुमच्या फ्रीजचा त्याच्याशी संबंध येत नाही. दहा-पंधरा लिटरचा प्लॅस्टिकचा टब घ्या, त्यात नव्या पाण्याऐवजी टँकचं बदललेलं पाणी भरा, एक काडी हॉर्नवर्ट (ही पाणवनस्पती) टाका आणि झाडं विकणाऱ्याकडून मूठभर 'फुकटच्या' गोगलगायी आणा. बहुतेक जण आनंदाने देतात, त्यांना त्या नकोच असतात. दोन प्रकार उपयोगाचे. एक ब्लॅडर स्नेल, कवच पातळ, टोकदार, तोंड डाव्या हाताला. दुसरी रॅम्सहॉर्न, चपटी गुंडाळलेली, अंगात लाल रक्त. दोन्हींत प्रत्येक जीव नरही असतो आणि मादीही, त्यामुळे वंश बुडायची भीती नाही. टबाच्या भिंतीला पारदर्शक जेलीचे ठिपके दिसू लागले की समजा कारखाना सुरू झाला. उकडलेल्या दुधीची चकती, पालकाचं पान, क्वचित तुमच्या त्या वाया गेलेल्या गोळ्या. उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी काढायची, नाहीतर टब नासतो आणि मग सासूबाईंचा नकार गोगलगायींनाही लागू होईल.

तिसरा प्रकार लांबट शंकूसारखा, वाळूत घुसून राहणारा, मलेशियन ट्रम्पेट. तो वाळू उकरायला ठीक, खाऊ म्हणून नको. कवच इतकं टणक असतं की या बारक्या माशाचे दात दुखावतात.

आणि शेतातल्या, डबक्यातल्या गोगलगायी आणू नका. आपल्याकडच्या तळ्यांत आणि भातखाचरांत सापडणारी रॅम्सहॉर्न, इंडोप्लॅनॉर्बिस, ही गुरांच्या शिस्टोसोमा जंताची मधली यजमान आहे. त्या जंताच्या अळ्या पाण्यातून माणसाच्या कातडीत शिरल्या तर खाज सुटते. टबात जन्मलेल्या पिढीला तो धोका नाही, कारण त्या चक्राला गुरं लागतात.

द्यायची कशी? पफरच्या डोळ्याएवढी किंवा किंचित मोठी गोगलगाय निवडा आणि काचेजवळ सोडा. मग खुर्ची ओढून बसा. तो आधी जागच्या जागी थांबतो, फक्त छातीचे पर थरथरत असतात. शेपूट एका बाजूला दुमडतो. एक डोळा गोगलगायीवर, दुसरा मागे कोण येतंय यावर. मऊ अंग बाहेर आलं रे आलं की एक झटका, आणि कधीकधी कवचाचा 'टक्' आवाज काचेबाहेर ऐकू येतो. मांस ओढून खातो, कवच वाळूवर टाकून देतो. माशी बसावी तितका वेळ लागतो, पण बघायला रोज आवडतं.

नुसत्या गोगलगायींवर मात्र ठेवू नका. त्या आठवड्यातून दोन-तीनदा, दातांसाठी आणि करमणुकीसाठी. रोजच्या पोटाला मोइना पाळा. नुसत्या डोळ्यांना दिसतील न दिसतील असे पाण्यात उड्या मारणारे जीव असतात. हिरवं पाणी असलेल्या बादलीत बी, म्हणजे थोडे जिवंत मोइना, टाकायचं, चिमूटभर यीस्ट पाण्यात कालवून अधूनमधून द्यायचं, पाणी गढूळ झालं तर यीस्ट थांबवायचं. काढताना मलमलच्या तुकड्यातून गाळायचं, चहाच्या गाळणीतून निम्मे निसटतात. आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारके जीव, तोही घरी निघतो: लिटरभर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम साधं मीठ, चिमूटभर अंडी, खालून हवेची नळी, आणि एक-दीड दिवसात केशरी पिल्लं. गोड्या पाण्याने धुऊन मगच द्या.

डासांच्या अळ्या म्हणजे पफरचं पक्वान्न. तरी मी तुम्हाला त्या पाळायचा सल्ला देणार नाही. उन्हाळ्यात आठवड्या-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, तुमचा अंदाज एक दिवस चुकला की सोसायटीभर प्रसाद. पालिका 'कोरडा दिवस पाळा' म्हणून ओरडत असते, आपण उलटा धंदा कशाला करा.

ट्यूबिफेक्स, म्हणजे बारीक लाल किडे, स्वस्त मिळतात, पण येतात गटारांच्या गाळातून. माझ्या टँकला त्यांची बंदी आहे.

आता तो बारका. त्याला वेगळा काढा: दहा लिटरचा टब, मुख्य टँकचंच पाणी, फिल्टरचा जुना स्पंज अर्धा कापून, थोडं झाड लपायला. जाळीने पकडू नका, पेल्यात पाण्यासकट घ्या. पाण्याबाहेर आला आणि भीतीने फुगला तर पोटात हवा भरून घेतो, ती बाहेर टाकणं त्याला जड जातं. सकाळ-संध्याकाळ अगदी बारक्या गोगलगायी आणि मोइना. दादा समोर नसल्यावर खातोय का ते दोन-तीन दिवस बघा.

खाल्लं आणि पोट भरू लागलं तर त्याला फक्त दादागिरीचा त्रास होता. खातोय तरी वाळतोय आणि मागे पांढरा दोरा लोंबतोय, तर जंत. बाजारातले बरेच पी पफर नदीतून पकडलेले असतात, त्यांच्यात हे सर्रास. माझ्याकडच्या एकाचा तसला दोरा मी स्लाईडवर घेतला होता, तर कॅपिलारिया या गोल जंताची अंडी: लिंबाच्या बीसारखी लांबट, दोन्ही टोकांना काचेची बुचं बसवल्यासारखी. लॅबमध्ये माणसाच्या ट्रायक्युरिस जंताची अंडी पाहिलेल्या कोणालाही ओळखीची वाटतील. गोल जंतांना लेव्हामिसोल, पट्टकृमींना प्रॅझिक्वान्टेल, दोन औषधांचा धंदा वेगळा. मात्रा माशांच्या डॉक्टरला विचारून, वेगळ्या टबातच. या माशाला नेहमीचे खवले नसतात, औषध त्याला लवकर लागतं. आणि तांबं असलेलं कुठलंही औषध तुमच्या टँकमध्ये जाऊ देऊ नका, त्याने गोगलगायी आणि श्रिम्प दोन्ही साफ होतात.

फ्रीजबद्दल एकच. काही जण सांगतील आइस्क्रीमच्या डब्यात लपवून ठेवा. ठेवू नका. एक दिवस तो डबा पाहुण्यांपुढे उघडला जातो.

खवचट_बोंबील

स्लाईडवाले, शेवटची ओळ अनुभवाची वाटते 😄

अबोलीताई, आमच्याकडे सुकटीचा डबा कायम भरलेला असतो. भिजवून चिमूटभर दिली तर? मासा मासळी खाणारच की. (माळकरी सासूबाईंनी हा प्रतिसाद वाचू नये.)

आणि गोगलगायी कमी करायला झेब्रा लोच मासा का नाही आणत? आमच्या मित्राकडे दोन आहेत, एक गोगलगाय शिल्लक नाही.

स्लाईडवाला

बोंबीलराव, सुकट खारवलेली, वाळलेली आणि निश्चल. तिन्ही बाबतींत नापास. ओला जवळा किंवा ताज्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून पाण्यात हलवला तर काही पफर घेतात. शिजवलेला नको, मसाला लावलेला तर नकोच. पण ते ठाण्याच्या या घराला लागू नाही.

आणि लोच कशाला? त्यांना गोगलगायी हव्या आहेत. लोच आणला तर पफरचा घास लोच खाईल.

कोट्टायमची_वारी

मी मूळची साताऱ्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली काही वर्षं केरळात आहे. झेब्रा लोचचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. तो आपल्याच सह्याद्रीतला, कोल्हापूर-साताऱ्याकडच्या ओढ्यांत राहणारा मासा, जगात दुसरीकडे कुठे नाही, आणि आता संकटग्रस्त यादीत. कृपया दोन गोगलगायींसाठी विकत घेऊ नका.

पी पफरचंही तसंच. १९४१ साली सुंदरलाल होरा आणि के. के. नायर यांनी त्रावणकोर संस्थानातल्या पंबा नदीतल्या नमुन्यांवरून या माशाचं वर्णन केलं, शास्त्रीय नावात त्रावणकोर आहे ते त्यामुळे. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या पश्चिमवाहिनी नद्या सोडल्या तर हा कुठे सापडत नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो 'व्हल्नरेबल', म्हणजे असुरक्षित, आहे. २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यात असलेल्या जातींचे पंधरा लाखांहून जास्त गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी परदेशी गेले, आणि त्यात सगळ्यात जास्त संख्येने गेलेल्यांत झेब्रा लोच, मिस केरळ आणि हा पफर होता. म्हणजे तुमच्या दोघांच्या चर्चेतले दोन्ही मासे एकाच यादीत आहेत.

आता घरी आलेच आहेत तर ते राहतात कसे ते सांगते, टँक मांडायला उपयोग होईल. आमच्या घरामागे एक कालवा आहे, वेंबनाडकडे जाणारा. मुख्य प्रवाहात हे दिसत नाहीत. काठाला जिथे पाणी जवळजवळ थांबतं, झुडपांची मुळं पाण्यात उतरलेली असतात आणि पाणवनस्पती दाटलेली असते, तिथे. चार-पाच नाही, बरेच असतात, पण प्रत्येक जण पानांच्या आपापल्या पोकळीत. दोघं समोरासमोर आले की एक जण मागे फिरतो, आणि मागे फिरायला त्याच्या पाठीशी झाड असतं. टँकमध्ये हेच नसतं, पळणारा काचेवर आपटतो. अबोली, तुझं हायग्रोफिला एकाच कोपऱ्यात आहे ना? त्यातलं अर्धं कापून दुसऱ्या टोकाला लाव, मधे लाकूड आडवं ठेव. या टोकाचा मासा त्या टोकाला दिसता कामा नये. दादाची निम्मी दादागिरी तिथेच संपते.

कर्नाटकातून याच्या जवळचीच आणखी एक जात १९९९ मध्ये वेगळी म्हणून नोंदली गेली, कॅरिनोटेट्राओडॉन इमिटेटर. दिसायला इतकी सारखी की दुकानात त्याच पिशवीत येते. तुझ्याकडे कुठली आहे यावर वेळ घालवू नकोस, खाणं-पाणी सारखंच.

आणि कंटाळा आला तर उपवन तलावात किंवा पवईत सोडायचा विचार कोणी करू नका.

अबोली_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार! उशीर झाला लिहायला, घरात कारखाने सुरू करत होते.

गप्पी त्याच रात्री गॅलरीतल्या टबात गेले, श्रिम्पसुद्धा. पाणी बदलतेय, मीठ बंद. बारक्याला वेगळं ठेवलं. पहिल्या दिवशी तळाशी शेपूट मुडपून बसून होता, मी आशा सोडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मोहरीच्या दाण्याएवढी गोगलगाय त्याच्यापुढे सोडली. त्याने एकदा बघितलं, बाजूला गेला, पुन्हा आला, आणि मग ती तिथे नव्हती. मी नवऱ्याला झोपेतून उठवलं. आता पोट भरलंय, समोरून बघितलं तर दोन्हीकडे गोलाई दिसते. पांढरा दोरा अजून तरी दिसला नाही.

कोट्टायमताई, हायग्रोफिला कापून दोन्हीकडे लावलं. दादा पहिल्यासारखा फिरतो, पण त्याला कोणी सापडत नाही. बाकीचे दोघं उघड्यावर येऊ लागलेत. नदीचं वाचून मात्र वाईट वाटलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं. तो आधी आणखी चार आणणार होता.

सासूबाईंची गंमत. गोगलगायींचा टब मी घाबरत घाबरत धुण्याच्या जागेशी ठेवला. आता रोज सकाळी दुधीची चकती त्याच टाकतात, "जेवल्या का गं?" विचारतात. कुठे जातात हे त्यांना माहीत आहे. म्हणाल्या, "ते त्यांचं त्यांचं आहे, आपण काय करणार." मी पुढे बोलले नाही.

दोन शंका. गोगलगायींची कवचं पांढुरकी व्हायला लागलीत, टोकाला भोकं पडल्यासारखी. काही आजार आहे का? आणि चारांत नर कोण, मादी कोण हे कसं ओळखू?

स्लाईडवाला

वा! बारका सावरला हे वाचून बरं वाटलं. आणखी पंधरवडा वेगळाच ठेवा, घाई नको. परत सोडाल तेव्हा दिवे मालवून सोडा आणि आधी बाकीच्यांना पोटभर खाऊ घाला.

कवचाचं म्हणाल तर आजार नाही, चुना कमी पडतोय. आपल्याकडे नळाला येतं ते धरणाचं पाणी मऊ असतं, कॅल्शियम कमी. टँकर किंवा बोअरचं पाणी असणाऱ्यांना ही तक्रार येत नाही, त्यांच्या तक्रारी वेगळ्या असतात. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, त्याचा अंगठ्याएवढा तुकडा टबात टाका. दोन दिवस तरंगेल, मग बुडेल. गोगलगायी स्वतःच त्यावर जाऊन बसतात. अंड्याची टरफलंही चालली असती, पण ती तुमच्याकडे नाहीत. जुनी भोकं बुजणार नाहीत, नवं कवच मात्र धडधाकट येईल. पफरलाही कवचाचं कॅल्शियम मिळतं.

नर-मादी लहानपणी ओळखू येत नाहीत. मोठे झाल्यावर नराच्या पोटाच्या मध्यावर काळसर रेघ उमटते, डोळ्यामागे सुरकुत्यांसारख्या बारीक रेषा, अंग पिवळसर. मादी जास्त गोल, ठिपके मोठे आणि सुटे. तुमचा दादा बहुधा नर असणार, पण बहुधाच. माझ्याकडे एक मादी अशी होती की नर तिला घाबरून असायचे. एका नराला दोन-तीन माद्या हे प्रमाण बरं. दोन नर निघाले आणि पंख फाटू लागले तर एक जण कोणाला तरी देऊन टाका.

कोट्टायमची_वारी

रेघेबद्दल +१. इथे एकांकडे टँकमध्ये पिल्लं झालेली मी पाहिलीत. मादी मॉसमध्ये अंडी टाकते, साबुदाण्याहून बारीक, पारदर्शक, शोधूनही सापडत नाहीत. पाचेक दिवसांत फुटतात. पिल्लांना आधी नुसतं पाण्यातल्या मॉसवरचं सूक्ष्म जीवन, मग आर्टेमिया. मोठ्यांबरोबर ठेवली तर उरत नाहीत. घरात जन्मलेले पफर मित्रांना वाटता आले तर नदीतून तितके कमी येतील, म्हणून करून बघ असं सांगते. तुझ्याकडे मॉस आहे का? यादीत दिसलं नाही.

अबोली_ठाणे

मॉस नाही. इथल्या दुकानात विचारलं तर चिमूटभर तुकड्याला भलतीच किंमत सांगतात.

समुद्रफेस आणला. सासूबाईंनी ओळखला, म्हणाल्या लहानपणी कान फुटला की आजी उगाळून घालायची.

पंखा टँककडे वळवलाय, दुपारी पाणी ३१ ला जात होतं, आता २९. चालेल ना?

स्लाईडवाला

२९ चालेल. पंख्याने पाणी भराभर उडतं, तेवढी भर घालत राहा, आणि जानेवारीत रात्री पाणी बावीसच्या खाली जायला लागलं तर छोटा हीटर पंचविसाला लावा. लाइट गेली तर बॅटरीचा एअरपंप हाताशी असू द्या, स्पंज फिल्टर फार वेळ बंद राहिलेला बरा नाही.

कानात मात्र समुद्रफेस घालू नका, तो गोगलगायींनाच.

मॉस विकत घेऊ नका. माझ्याकडे बादलीभर आहे, दर महिन्याला कापून फेकून देतो. डोंबिवली स्टेशनला पूर्वेला भेटलात तर पिशवीत घालून देतो. थोडं मोइनाचं बीही देईन, बाटली घेऊन या.

अबोली_ठाणे

नक्की! रविवारी चालेल का?

स्लाईडवाला

चालेल. दुपारी चारनंतर, सकाळी लॅब असते.

खवचट_बोंबील

मलाही मॉस. सुकट घेऊन येतो बदल्यात.